जिभेनं सांगितलं होतं, जामसिंगदादा

जामसिंगदादा, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांच्या लेखी तू धडगावच्या वरच्या पाड्यावरचा, झाडपाला देणारा एक म्हातारा होतास. मला मात्र तू एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंस, आणि तेही अशा बेतानं की शिकवणारी मीच आहे असं मला वाटत राहावं. माझा पहिला राग त्यावर आहे.

काल तुझ्या घरी जाऊन आले. तिथं काय झालं ते सांगायचंच आहे, पण ते शेवटी. आधी आपलं जुनं भांडण. ते अर्धवट टाकून तू निघून गेलास, आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागणार.

आपली ओळख गुळवेलीनंच करून दिली. मी शहाद्याच्या कॉलेजात नवीन लागलेली. बारा विद्यार्थी, एक जीप, रद्दीचा गठ्ठा आणि झाडं दाबून वाळवायची लाकडी चौकट घेऊन घाट चढून आले होते. तू एका मोहाच्या बुंध्याशी बसला होतास. झाडावर जुनी गुळवेल चढलेली, तिच्या हवेतल्या मुळ्या दोऱ्यांसारख्या खाली लोंबत होत्या. मी तिथंच व्याख्यान सुरू केलं. पान हृदयाच्या आकाराचं. देठ लांब, बुडाशी जरा फुगीर आणि पिळलेला. खोडाची साल कागदासारखी पातळ, नखानं सोलली की आत हिरवंगार. नर फुलं एका वेलीवर, मादी फुलं दुसऱ्या वेलीवर, फळं वाटाण्याएवढी, पिकली की लाल. मग ब्लेडनं खोड आडवं कापलं आणि भिंग तुझ्या हातात दिलं. तू बराच वेळ पाहत राहिलास. "गाडीचं चाक हाय की हे," म्हणालास. मुलं हसली. तू भिंग परत दिलंस, खोडाचा एक तुकडा तोंडात टाकून चावलास आणि दुसरा माझ्यापुढं धरलास.

"चाव, मॅडम."

"आम्ही तोंडात घालत नाही. आम्ही बघून ओळखतो."

"बघून मी पन ओळखतो. पन दोन वेली सारख्याच दिसल्या तर?"

"तर भिंगानं बघायचं."

"बरं," म्हणालास तू.

तुझ्या त्या 'बरं'चा आज मला संताप येतो. तुझं बरं म्हणजे होकार नव्हे, हे कळायला मला दहा वर्षं लागली. समोरच्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि आता त्याला दुखवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ असायचा. तू सगळ्यांना 'तू' म्हणायचास. मला, फॉरेस्टच्या साहेबांना, एकदा तर खुद्द कलेक्टरांना. तुमच्या बोलीत तसंच बोलतात. आणि मी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगायची, बघा किती निर्भीड माणूस! कसला निर्भीड? तीस वर्षांत एकदा तरी मला तोंडावर चूक म्हणालास का? माझं तुला 'तू' म्हणणं मात्र निराळं होतं. ते वरून खाली येणारं होतं. तुला ते कळत असणार, पण त्यावरही तू काही बोलला नाहीस.

आपलं मोठं भांडण आधाराच्या झाडावरून. वेल तोडण्याआधी ती कुणावर चढली आहे हे तू बघायचास. तापाला कडुनिंबावरची. आंब्यावरची नाइलाज असेल तर. बिब्ब्यावर चढलेली हातातसुद्धा घ्यायची नाही. ज्याच्या अंगावर वाढते त्याचा स्वभाव घेते, असं तुझं म्हणणं. मी चिडायची. गुळवेल म्हणजे काही बांडगूळ नाही, तिची मुळं तिच्या जमिनीत, झाड ही तिला नुसती शिडी. शिडी निंबाची असली म्हणून चढणारा कडू होतो का, असं मी तुला सगळ्या मुलांसमोर विचारलं होतं. तू शांतपणे म्हणालास, "मॅडम, तू सासरी गेलीस ना? मंग?" मुलं लोळायची बाकी राहिली. घरी येऊन सांगितलं तर आमच्या ह्यांनी आठवडाभर तेच धरलं, "बरोबर बोलना तो. लगीनना पहिले तू इतली कडू नही व्हती."

त्या वादातली एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. निंबावरची आणि आंब्यावरची अशा दोन वेली मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या, कांड्या कुटून स्पिरिटमध्ये भिजत घातल्या आणि त्यांचे अर्क द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या पट्टीवर चढवून बघितले. डाग अगदी सारखे आले नाहीत. त्याला शंभर कारणं असतील. ऊन वेगळं, माती वेगळी, वेलीचं वय वेगळं. एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही हे मी मुलांना घोकून घ्यायला लावते. पण वर येऊन "दादा, डाग वेगळे आले बरं का," एवढं म्हणायला माझी जीभ झिजली असती का? तुझ्या बाजूला एक गुण टाकावा लागला असता. तो मी टाकला नाही. प्रबंधातही तुझं नाव आभाराच्या पानावर घातलं, शेवटून दुसरं, जीपच्या ड्रायव्हरच्या वर.

सत्त्व करायला मात्र तूच शिकवलंस. बोटाएवढी जाड कांडी, साल काढून कुटायची, पाण्यात भिजवायची, कुस्करून गाळायची, आणि पाणी निवळलं की तळाशी जो पांढरा गाळ बसतो तो उन्हात वाळवायचा. ती पांढरी भुकटी तू इतक्या जपून कागदात बांधून दिलीस, आणि मी पुढच्या खेपेला बाटलीतलं आयोडीन घेऊन आले. एक थेंब टाकला, भुकटी निळीजांभळी झाली. "हे पिष्ट आहे, दादा. बटाट्यात असतं तेच. कडू द्रव्यं पाण्याबरोबर बरीचशी निघून गेली. दारुहळदीत असतं तसलं पिवळं द्रव्यही थोडंफार खोडात असतं, ते काही ह्यात राहत नाही." मोठ्या रुबाबात बोलले होते. तू निळी पडलेली भुकटी बोटावर घेऊन बघितलीस. "म्हणजे पोळी होईल का हिची?" त्या वेळी तुझी बायको हसता हसता खोकायला लागली होती. ती आता नाही, तूही नाहीस, हा विनोद आठवणारी मी एकटी उरले. ह्याचाही मला रागच येतो.

तुझे नियम मी वहीत उतरवून घेतले, श्रद्धा म्हणून वेगळ्या रंगाच्या शाईनं. वेल तोडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याशी चार दाणे तांदूळ ठेवून तिला सांगून यायचं, की उद्या येतो. मूळ कधी उपटायचं नाही. आणि तुझ्या घराण्याचा सगळ्यात कडक नियम, औषध देणाऱ्यानं स्वतःसाठी स्वतःच्या हातानं औषध तोडायचं नाही. ते दुसऱ्याच्या हातून आलं पाहिजे, मागून घेतलं पाहिजे, आणि मागून घेतलेलं परत करायचं नाही. मी विचारलं होतं, असं का? तू म्हणालास, "सोताला काय झालं ते सोताला कळत नाय, मॅडम. दुसऱ्याचं ऐकावं लागतं." किती शहाणपणाचं वाक्य! मी त्याच्याखाली रेघ मारली होती. आता ती वही उघडायचा धीर होत नाही.

मग ती साथ आली. शहाद्यात ज्याच्या त्याच्या फोनवर एकच संदेश, गुळवेल प्या. डोंगरातून भारेच्या भारे खाली उतरले. आठवडे बाजारात मेथीच्या जुड्यांशेजारी गुळवेलीची वेटोळी. लोक मुळासकट ओढून नेत होते. तुला इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "कापली तरी मरत नाय ही. नुसती फांदीवर टाकून ठेवली तरी मुळी सोडते. हिला मारायला मानूसच लागतो," म्हणाला होतास. संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात, तोडली तरी वाढणारी, असं मी लगेच सांगून टाकलं. मला कुठं गप्प बसावं हे कधी कळलंच नाही.

त्याच दिवसांत दारावरून गेलेल्या रोपवाल्याकडून मी एक काळी पिशवी घेतली. पिशवीला चिठ्ठी, गुळवेल. आमच्या अंगणातल्या निंबाच्या बुडाशी लावली. पान हृदयाच्या आकाराचं, झालं, आणखी काय बघायचं? पानावरून निदान करू नका, हे वाक्य मी एकतीस वर्षांत किती हजार वेळा बोलले असेन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या अंगणात होता. वेल भराभर वाढली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दाखवत होते, बघा, निंबावरची गुळवेल! म्हणजे तुझा नियम मी मनोमन मानला होता, फक्त तुला सांगायचं राहिलं होतं.

यंदा भाद्रपदात तू अचानक दारात उभा राहिलास. धडगावहून एसटीनं आलेला, अंगात ताप, गुडघे धरलेले. इतक्या वर्षांत तू आमच्या घरी दोनदा आलास आणि दोन्ही वेळेला काहीतरी द्यायला. ह्या वेळी मागायला आलास. पाड्याजवळच्या वेली साथीत संपल्या होत्या. बायको गेल्यापासून तुझ्यासाठी औषध तोडणारा हात उरला नव्हता. सुनीता तुझ्याकडूनच शिकलेली, म्हणून तुझ्या नियमाप्रमाणे मुलीचा हात तो तुझाच हात. "मॅडम, तुझ्या हातची दे," म्हणालास. दादा, मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. पीएचडी मिळाल्यावर वाटला नव्हता इतका. मी कोयता घेऊन स्वतः समोरची, यंदाची कोवळी खोडं कापली, जुडी बांधली, आणि वर ऐकवलं, "निंबावरची आहे, बघ." दोन वेळा अजून नेऊन दिली. दोन महिन्यांवर तू ती पीत होतास.

कार्तिकात तुझे डोळे पिवळे झाले. सुनीता आशा कार्यकर्ती, तिनं एक दिवस फुकट घालवला नाही. आधी धडगाव, मग नंदुरबार. मी वॉर्डात पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टर तिला विचारत होता, झाडपाल्याचं काही घेत होते का? मी मध्येच बोलले, "गुळवेल. फक्त गुळवेल, आणि ती माझ्या घरची." तो म्हणाला, "मॅडम, तिचा एक तुकडा आणून दाखवाल का?" त्या पोरानं सरळ विचारलं होतं, आवाजात कसलाही तिरकसपणा नव्हता. मी म्हणाले, "मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय." तो काढा बंद करायला सांगून पुढच्या खाटेकडं गेला. तुकडा मी नेला नाही.

आणि तू! सातव्या दिवशी जरा हुशारी वाटत होती तेव्हा मला जवळ बोलावलंस. काय बोलावंस? "मॅडम, तुझ्या वेलीला फूल आलं का?" मी म्हणाले, अजून नाही. "आलं की बघ. भिंगानं बघ." मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून चेष्टा करतोय. मी हसून तुझ्या कपाळावर हात ठेवला. दोन दिवसांनी तू गेलास.

तुला माती दिली त्या दिवशी तुझ्या दारात आसपासच्या पाड्यांवरची माणसं जमली होती. औषध देणारा माणूस गेला की त्याच्या दारातल्या वेलीचा तुकडा न्यायचा, आपल्या दारी लावायचा, अशी तिथली रीत. माझ्या जुडीतली उरलेली कांडी तुझ्या शेवग्यावर पडून रुजली होती, तिचेच तुकडे लोकांनी नेले. मी बघत होते. रडता रडता मला बरंही वाटलं. माझी वेल दादाच्या नावानं डोंगरात वाढणार, असं काहीतरी भिकारडं सुख.

चौथ्या दिवशी मी भिंग घेऊन निंबाखाली गेले. तू सांगितलं होतंस म्हणून. फूल नव्हतंच. पण झाडामागं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिथं मी कधी वाकून पाहिलं नव्हतं, तिथं वेलीचं जुनं खोड होतं. त्याच्यावर गाठीच गाठी, बोटाला बोचणाऱ्या, चामखिळी उठाव्यात तशा. नख लावलं, कागदासारखी साल सुटेना. मग समोरची कोवळी खोडं बघितली. त्यांच्यावरही बारीक पुटकुळ्या धरू लागल्या होत्या. ही गुळवेल नव्हती, दादा. तिच्याच कुळातली, तिच्याच तोंडवळ्याची बहीण. आपल्या सातपुड्यात मी ती कधी पाहिलेली नाही, पण पुस्तकात तिच्याबद्दल वाचलं होतं, वर्गात फळ्यावर दोघींची चित्रं शेजारी शेजारी काढली होती. हिचा काढा रोज घेतला तर काहींचं यकृत बिघडतं, म्हणून डॉक्टर सावध करतात. आता तर खऱ्या गुळवेलीबद्दलही सांभाळून राहा म्हणतात.

तुझं यकृत ह्याच वेलीनं गेलं का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. त्या डॉक्टरला मी फोन केला, तोही म्हणाला, आता नक्की सांगता येणार नाही. वय होतं, ताप कसला होता कोण जाणे. मला ही पळवाट नको आहे. जुडी मी बांधली होती.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू तठे जाईसन सांगी दे. आखो कोनी पिधं तं?" आणखी कुणी प्यालं तर, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी मी सहा दिवस घरात बसून राहिले. तुझ्या दारातून निघालेले तुकडे सहा दिवस लोकांच्या दारात मुळी सोडत होते, कुणाला ताप आला की त्यातली कांडी कुटली जाणार होती, आणि मी शब्द जुळवत होते. तुझ्यावर रागावताना हे सहा दिवस मी विसरलेली नाही.

काल पहिल्या एसटीनं निघाले. धडगावहून जीप, पुढं चालत. सुनीता अंगणात रजिस्टर भरत बसली होती. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सांगितलं, मी दिलेली वेल गुळवेल नव्हती, मी न बघता दिली. मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. ती रजिस्टर मिटून शेवग्याकडं बघत राहिली.

"मॅडम, बाबानं पहिल्याच दिवशी चावली ना, तेव्हाच थुंकली. म्हणाला, कडू हाय, पन आपली कडू नाय. ही जिभेवर बसून राहते."

"मग प्यायला का?"

"मी पन तेच विचारलं. म्हणाला, माझी जीभ आता म्हातारी झाली. मॅडम भिंगानं बघते. तिनं बघूनच दिली असंल."

जामसिंगदादा, एवढ्यासाठी? एकतीस वर्षं मी तुला सांगत होते की जीभ हा पुरावा नव्हे, आणि एकतीस वर्षं तू बरं म्हणून आपल्या जिभेचंच ऐकत होतास. तेच बरोबर होतं. माझं एकही म्हणणं तू मनापासून मानलं नाहीस म्हणून मी चिडायची, आणि मानलंस ते नेमकं हे! मी कॉलेजात उभी राहून मोठ्या आवाजात बोलते म्हणून माझं खरं? तुझ्या आज्याची, बापाची, तुझी अशी तीन पिढ्यांची जीभ एका रोपवाल्याच्या चिठ्ठीपुढं हरली, कारण मध्ये मी उभी होते. तुला निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, मॅडम, ही चाव. मी चावली असती रे. नसती चावली कदाचित. पण तू म्हणायचं होतंस.

"आणि एक सांगितलं होतं त्यानं," सुनीता म्हणाली. "ही वेल कुनाला द्यायची नाय. मला वाटलं, तुमी दिलेली म्हणून जपतो. मातीच्या दिवशी एवढी गर्दी, कुनी कुनी तोडून नेली ते मला मागून कळलं."

मग ती सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी चुकल्या, मॅडम. आता चला, तीन घरं हायेत." तिनं ते पुन्हा बोलून दाखवलं नाही. तुझ्यापेक्षा बरी मुलगी आहे तुझी.

आधी शेवग्यावरची काढली. बारीक तुकडासुद्धा टाकायचा नाही, कारण पडला तिथं रुजतो, म्हणून तिनं सगळी चुलीत घातली. पहिल्या घरात फार बोलावं लागलं नाही. सुनीता गोळ्या देते, लस टोचून घ्यायला सांगते, तिचा शब्द चालतो. दुसऱ्या घरी तुकडा बकरीनं आधीच खाल्ला होता, बकरी मजेत होती. तिसरं घर टेकडीच्या पलीकडं, थावरीआजीचं. तिला तू ओळखतोसच. तिनं तुझा तुकडा कुडाच्या भिंतीशी लावून भोवती काट्यांचं कुंपण केलं होतं. बुंध्याशी तांदळाचे दाणे होते.

सुनीतानं पावरी बोलीत सगळं समजावलं. आजी मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, नाही. मी पुढं झाले. मला तुमची बोली मोडकीतोडकी येते. मी खोडावरची गाठ दाखवली, साल सुटत नाही ते दाखवलं, भिंग काढलं. डोळे पिवळे होतात म्हणाले, माणूस दगावू शकतो म्हणाले. आजीनं माझा हात हळूच बाजूला केला. तिचं म्हणणं एकच, जामसिंगच्या दारातली आहे. त्याच्या हातचं आजवर कुणाला बाधलं नाही. तिचा मुलगा, दोन नातवंडं तुझ्या काढ्यानं उठून बसलेली, ती माझ्या भिंगाचं ऐकणार होती होय? तिथं तुझी जी किंमत होती ती बघून मला भरून आलं, आणि त्याच किमतीपायी ती म्हातारी उद्या ते पिणार होती. मी वाद घालत होते, आवाज चढला होता, वर्गात चढायचा तसा. सुनीतानं माझा दंड धरला.

मग मला उमगलं की माझ्याकडं सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे.

"आजी," मी म्हणाले, "ही जामसिंगची नाही. ही माझी आहे. मी शहाद्याहून आणून त्याला दिली होती."

थावरीआजीनं सुनीताकडं बघितलं. सुनीतानं मान हलवली. आजी खाली वाकली, हातानं काटे बाजूला सारले आणि वेल मुळासकट उपटून माझ्या हातात ठेवली. "मॅडमची होय? मग आधी नाही का सांगायचं," म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.

मला तिचा राग आला नाही. हातात ती वेल घेऊन मी अंगणात उभी होते आणि तुझाच राग येत होता. तुलाही एवढंच करायचं होतं, दादा.